दाण्याचं सूप

चूक माझीच होती. मुकुंदवाडी स्टेशनाबाहेर सकाळी भाज्यांचं सूप विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "चाचा, मैदा घालता ना? उगाच एवढं घट्ट होतंय व्हय!" दोन बायकांनी पेले तसेच खाली ठेवले. त्यानंतर त्या रोज सूप न घेताच पुढे जाऊ लागल्या.

मला मात्र राहवेना. एकदा लवकर गेलो. चाचा भाजलेले दाणे तेल सुटून लोण्यासारखे होईपर्यंत खलबत्त्यात कुटत होते. तो गोळा कोमट पाण्यात कालवून त्यांनी दुधी-गाजराच्या उकळत्या पातेल्यात सोडला.

"इचारलं असतं तर तवाच दाखवलं असतं की, साहेब," ते ढवळता ढवळता म्हणाले.

त्या दोघी येईपर्यंत मी थांबलो. त्यांच्यासमोरच हात जोडले, "चाचा, मी न बघताच बोललो. यात मैदा नाही, दाणे आहेत. मला माफ करा."