आंबवलेली माती

माझा विषय ऐकून लोक आधी हसत आणि मग काळजीने विचारत, "मातीत काय एम.एस्सी. करायचंय?" भट्टीत न भाजलेल्या मातीची भिंत पावसात टिकेल का, हा माझा विषय होता. विटा भाजायला लागणारं लाकूड वाचेल, धूर वाचेल आणि गरिबाला घर परवडेल, असं आमच्या सरांचं म्हणणं. ते परदेशात शिकून आले होते आणि मातीविषयी बोलताना इतके रंगत, की मी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहते हे विसरून जायची.

कसोटी साधी होती. मातीची वडी करायची, उन्हात वाळवायची आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडायची. चोवीस तास टिकली तर पुढे जायचं. माझी एकही वडी अर्धा तास टिकली नव्हती. बुडबुडे यायचे, कडा सुटायच्या आणि तळाशी लाल गाळ बसायचा. शेवटी सर म्हणाले, "होळीपर्यंत एक तरी वडी दाखवा. नाहीतर विषय बंद करू." विषय बंद म्हणजे माझं शिक्षण बंद. घरात स्थळांची चर्चा सुरू झालीच होती.

त्यात ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा संचारबंदी. प्रयोगशाळेला कुलूप लागलं की मी मातीची पोती घरी आणायची. माती आमच्याच गावची, भाताच्या खाचरातली, बोटीने भाऊच्या धक्क्यावर आलेली. चाळीच्या गॅलरीत बसून मी ती चाळायची आणि तिच्यातला पेंढा, मुळं, काड्या एकेक करून वेचून काढायची. पुस्तकात पहिलीच सूचना होती, नमुना स्वच्छ करा. मी पुस्तकाच्या पुढे एक पाऊल टाकणारी नव्हते. उलट जितकी वडी लवकर विरघळे, तितकी पुढची माती मी जास्त बारीक चाळायची. माझ्या हट्टाला तेव्हा मी शिस्त म्हणायची.

गिरणीही बंद असली की बाबा समोर विडी ओढत बसायचे. ते सूतखात्यात होते, सही करण्यापुरतं शिकलेले. मी वेचायची, ते बघायचे. मधूनच काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि विडी पुन्हा ओठांत धरायचे.

होळीला जेमतेम महिना राहिला असताना मी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ग्लासांत तीन वड्या सोडल्या. तिन्ही आईचा चहा उकळायच्या आत विरघळल्या. मी भिंतीला टेकून रडायलाच लागले. आई पाठीवरून हात फिरवत होती. बाबा उठले, पलंगाखालून पिठाची जुनी पिशवी ओढली आणि माझ्यासमोर रिकामी केली. आत मी इतके महिने वेचून टाकलेला सगळा पेंढा होता. रोज झाडून गोळा केलेला.

"ह्यो कचरो न्हय, गो," ते म्हणाले. "परत मातीत घाल. पाणी घाल. माती कुजाक व्हयी. गावाक भिंतीची माती अशीच करतत."

माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता, म्हणून मी ऐकलं. कमी पडलेला पेंढा बाबांनी जवळच्या म्हशींच्या तबेल्यातून आणला. मोठ्या घमेल्यात माती भिजली. रोज सकाळी बाबा धोतर गुडघ्यावर खोचून ती पायांनी तुडवायचे आणि ओलं गोणपाट झाकून ठेवायचे. पाचव्या दिवसापासून असा वास सुटला की शेजारच्या मावशी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगो, तुझी डिग्री येईपर्यंत आमचा जीव जाईल!" बाबा मात्र रोज वाकून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून नाय."

पंधरवडा उलटल्यावर एका सकाळी ते म्हणाले, "झाली." मी हात घातला. माती लोण्यासारखी मऊ झाली होती. पेंढ्याची काडी शोधून सापडेना.

वड्या वाळल्यावर मी सरांसमोर एक पाण्यात सोडली. दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. अर्धा तास झाला. एक तास झाला. दुसऱ्या दिवशी धावत प्रयोगशाळेत गेले, तर ग्लासातलं पाणी नितळ होतं आणि वडी जशीच्या तशी, कडांसकट. इतकी वर्षं मी माती शिकत होते आणि माती काय करू शकते ते मला त्या सकाळी दिसलं. पेंढा कुजताना सुटणारा चिकटा मातीचे कण बांधून ठेवत असावा, असं सर हळू आवाजात म्हणाले. मग म्हणाले, "वडिलांना घेऊन या."

बाबा धुतलेला सदरा घालून, उरलेल्या मातीचं घमेलं घेऊन आले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. सरांनी वही उघडून विचारलं, "नेमके किती दिवस आंबवायची?"

"दिवस नाय सांगूचे, सायबानु. वास सांगता."

सरांनी वही मिटली. ते घमेल्यावर वाकले आणि डोळे मिटून त्यांनी वास घेतला. बाबा शेजारी उभे राहून त्यांना सांगत होते, आंबट कुठला आणि सडका कुठला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी किती महिने घातला होता!

परत येताना गिरण्यांच्या भिंतींवर डांबराने लिहिलेल्या घोषणा दिसत होत्या. मी न राहवून विचारलं, "बाबा, मी पेंढा वेचत होते तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ते म्हणाले, "माका वाटला, एवढा शिकलेला माझा चेडू करता हा, म्हणजे तसाच आसतला. मधी बोलणारो मी कोण?"

मी खाली पाहिलं. इतकं धुऊनही त्यांच्या पायांच्या नखांत लाल माती राहिली होती. भर रस्त्यात मी वाकून त्या पायांना हात लावला.

"ऊठ गो," ते म्हणाले, "लोक बघतत."