कॅलेंडरावरचे गोल

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईचा पाळीआधीचे चार दिवस पारा चढलेलाच असायचा. बारीक स्क्रू हातातून सटकायचे आणि राग घरच्यांवर निघायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चहा, मीठ कमी करा, रोज चाला. गोळ्यांचं नंतर बघू. आधी दोन महिने त्रासाच्या तारखा लिहून आणा."

घरी हे ऐकून सासूबाईंनी कपाटातून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढून दिली. प्रत्येक महिन्यात चार तारखांना गोल केलेले होते.

"या तर तुम्ही मावशींकडे राहायला जाता त्या तारखा!"

"मग मला काय बहिणीचा पुळका आलाय? अकरा वर्षं जीव मुठीत धरून पळतेय," सासूबाई म्हणाल्या. "आता औषध मनावर घे बाई. बहीण कंटाळलीय मला."