बॅकअपचे अठरा डबे

बस थांबली तेव्हा तिच्या डिकीत अठरा पॅक्ड लंच होते. ते मला माहीत होतं, ड्रायव्हरला माहीत होतं आणि माझ्या सगळ्या ग्रुपला माहीत होतं. ज्या बाईंच्या घरी आम्ही जेवायला चाललो होतो, त्यांना तेवढं माहीत नव्हतं.

मी टूर मॅनेजर आहे. जबलपूरला सिव्हिल लाइन्समध्ये आमच्या ट्रॅव्हल कंपनीचं ऑफिस आहे. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. गाइड त्या त्या गावचा असतो, तो गाव दाखवतो. टूर मॅनेजर घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत ग्रुपबरोबर असतो. खोल्या वाटतो, पासपोर्ट हरवू देत नाही, कोणाला गोळी हवी, कोणाला गरम पाणी, ते बघतो. आणि बॅकअप ठेवतो. बॅकअप म्हणजे ठरलेली गोष्ट फसली तर हाताशी असलेली दुसरी. आमच्या धंद्यात बॅकअप नसणं हा गुन्हा समजतात. माझा गुन्हा उलटा होता. माझ्याकडे बॅकअप होता.

ग्रुप दक्षिण आफ्रिकेचा. जबलपूरची अठरा माणसं, बहुतेक मराठी, बहुतेक रिटायर्ड. कोणी फॅक्टरीतले, कोणी रेल्वेतले, कोणी शाळेतले. केप टाउनच्या कार्यक्रमात एक दिवस टाउनशिपचा होता. आपल्याकडे बिल्डर लोक टाउनशिप म्हणतात ती गेटवाली कॉलनी असते. तिकडे तो शब्द जड आहे. वर्णभेदाच्या राजवटीत काळ्या माणसांना शहरातून उठवून लांब नेऊन वसवलं, त्या या वस्त्या. राजवट गेली, वस्त्या राहिल्या. लोक तिथे घरं वाढवतात, दुकानं चालवतात, रविवारी चर्चला जातात. बघायला जायचं तर पाहुण्यासारखं जावं, प्राणिसंग्रहालयात गेल्यासारखं नाही, एवढं मला कळत होतं.

तिथला गाइड सिफो. त्याच वस्तीत वाढलेला. त्यानं आधीच ईमेल करून विचारलं होतं: आमच्या वस्तीतली मामा नोमसा तुमच्यासाठी स्वयंपाक करणार आहे, काय चालत नाही ते कळवा. मी सविस्तर कळवलं. जेवायला अठरा जण. मांस, मासे, अंडं नको. काहींना कांदा-लसूणही नको. सिफोचं उत्तर आलं: मामा म्हणते, काही अडचण नाही.

अडचण आमच्याकडे सुरू झाली. ग्रुपमध्ये देशकर साहेब होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘त्या भांड्यांत आधी काय शिजलं असेल, कोणी सांगावं?’ खाली पटापट अंगठे पडले. मग आमचे मालक पांडेजी यांचा फोन आला.

“मोघेजी, ब्रोशर में लिखा है, रोज़ इंडियन खाना। लिखा है तो देना पड़ेगा।”

“सर, वहाँ वो लोग खाना बना रहे हैं।”

“तो सब थोड़ा-थोड़ा चख लेंगे। आप बैकअप रखिए। फीडबैक बिगड़ा तो अगला ग्रुप भूल जाइए।”

मी केप टाउनच्या एका भारतीय केटररकडे डबे सांगितले. पराठे, जिरा राइस, आलू-गोभी, लोणचं. ग्रुपवर लिहिलं, ‘लंचची सोय केली आहे, काळजी नसावी.’ सिफोला सांगणार होतो. कसं सांगावं ते सुचेना, म्हणून उद्यावर टाकलं, आणि उद्या उजाडला.

बसमधून उतरण्याआधी मी पुन्हा एकदा सगळ्यांना समजावलं. आधी नमस्कार, मग विचारणं, मग फोटो. कोणाच्या दारात डोकवायचं नाही. मुलांना चॉकलेटं वाटायची नाहीत, त्यांचे आईबाप आहेत. आणि माझा ग्रुप खरोखर छान वागला. कुमुदताई म्हणून सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, इंग्रजीच्या शिक्षिका, सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांनी चॉकलेटांची पिशवी गुपचूप सीटवर ठेवली. देशकर साहेबांनी एका भाजीवालीला विचारलं, ती नको म्हणाली, तर त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि तिच्याकडून चार संत्री घेतली. फॅक्टरीतून रिटायर झालेले रामटेके काका एका न्हाव्याच्या दुकानापाशी थांबले. दुकान म्हणजे लोखंडी कंटेनर. काकांनी टोपी काढून आपलं टक्कल दाखवलं आणि खुणेनं विचारलं, याचं काय? न्हावी म्हणाला, “हे आधीच कोणीतरी करून गेलंय!” दोघंही पोट धरून हसले.

सिफो खूश झाला. “काही ग्रुप बसच्या काचेतूनच बघतात,” तो मला म्हणाला. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत लिहितो. “मामानं तुमच्यासाठी भांडीसुद्धा मागून आणलीत. चर्चमधल्या एक बाई शाकाहारी आहेत, त्यांची. शेजारणी तिला चिडवत होत्या. म्हणत होत्या, इंडियन लोक आपल्या हातचं खाणार नाहीत, उगाच कशाला राबतेस. मामानं त्यांना तुमची ईमेल वाचून दाखवली. म्हणाली, न जेवणारा माणूस कांद्याचं कशाला कळवेल?”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “अरे वा.”

घर बैठं होतं, समोर फरसबंद अंगण. अंगणात अठरा खुर्च्या मांडल्या होत्या आणि कोणतीही दुसरीसारखी नव्हती. प्लास्टिकच्या, लाकडी, एक शाळेचा बाक, आणि मघाच्या न्हाव्याची फिरती खुर्चीसुद्धा. सगळ्या त्या रस्त्यावरच्या लोकांनी दिल्या होत्या. तीन शेजारणी भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. मामा नोमसा साठीच्या, अंगानं भरलेल्या, ॲप्रन बांधलेल्या.

“ह्या बाईंना मामा काहून म्हणून राहिले?” रामटेके काकांनी विचारलं.

“तिकडे आईला मामा म्हणतात,” मी सांगितलं.

“मग मामाला?”

“काका, बसा आता.”

टेबलावर चार पातेली होती. मामांनी एकेक झाकण उघडून दाखवलं. मक्याचा भरडा आणि घेवडा एकत्र शिजवलेला. पालेभाजी. भोपळा. वाफवलेला पाव. “ह्यात कांदा नाही,” त्या दोन पातेल्यांवर हात ठेवून म्हणाल्या.

माझा बेत असा होता की सगळ्यांनी घासभर चाखायचं आणि डबे बसमध्ये बसून खायचे. ड्रायव्हरचा बेत वेगळा होता. नव्या बसमध्ये तेलकट खाणं चालणार नाही, म्हणून त्यानं दोन्ही खोकी उचलून थेट अंगणात आणली. देशकर साहेब म्हणाले, “हां, आला आपला लंच.” आणि डबे हातोहात फिरले. ॲल्युमिनियमची झाकणं उघडायचा आवाज आला. लोणच्याचा वास सुटला.

मामा माझ्याकडे वळल्या. “हे काय?”

“डॉक्टर,” मी म्हणालो. तो शब्द कुठून आला मला माहीत नाही. “वय झालंय सगळ्यांचं. पोटाचे त्रास. डॉक्टरांनी बाहेरचं खायचं नाही म्हणून सांगितलंय.”

“सगळ्यांना?”

“बहुतेकांना.”

त्यांनी माझ्या माणसांकडे बघितलं. मग पातेल्यांवर एकेक करून झाकणं ठेवली. मला वाटलं, संपलं. पण त्या शेजारणींना त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या. एक जण आत पळाली, दुसरी रस्त्यापलीकडच्या घरात गेली. “हे त्यांना जड होईल,” मामा मला म्हणाल्या. “तुम्ही आधी सांगायला हवं होतं. थांबा. पोटाला हलकं असं देते.”

रामटेके काकांनी डबा उघडला नव्हता. “मोघेजी, काय सांगितलं तुम्ही त्यांना?”

मी सांगितलं.

“अच्छा. डॉक्टर.” त्यांनी डबा खुर्चीखाली सरकवला. “आमच्या क्वार्टरमध्ये वरच्या जातीचे जे यायचे ना, ते म्हणायचे, आत्ताच चहा घेऊन आलो. चाळीस वर्षं तेच ऐकलं. डॉक्टर नवीन आहे.” ते उठले आणि टेबलाशी जाऊन उभे राहिले. “मला वाढा म्हणा त्यांना. मी काही बीमार नाही.”

मामांनी झाकण काढलं आणि त्यांना वाढलं. काका उभ्यानंच जेवायला लागले. देशकर साहेबांनी पराठ्याचा तुकडा तोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

थोड्या वेळानं आतून वाडगे आले. मक्याचं जाडसर, मोकळं शिजवलेलं पीठ, वर गार आंबट दूध. पहिला वाडगा मामांनी कुमुदताईंपुढे धरला, कारण त्या सगळ्यांत म्हाताऱ्या दिसत होत्या. ताईंनी वाकून बघितलं. मग वास घेतला.

“अगंबाई! ह्या तर ताक-कण्या!”

“ताई, मक्याचं आहे ते,” देशकर साहेब म्हणाले.

“मग काय झालं? माझी आई उन्हाळ्यात ज्वारीच्या कण्या करायची. अश्शाच दिसायच्या.” ताईंनी चमचा उचलला. आम्ही सगळे बघत होतो. टूरभर स्वतःचा पेला घेऊन फिरणारी ही बाई. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मामांना स्वच्छ इंग्रजीत विचारलं, “हे दूध घरी विरजता का?”

“घरीच,” मामा म्हणाल्या. “डॉक्टरांना चालेल ना?”

“कोणत्या डॉक्टरांना?”

मामा माझ्याकडे बघायला लागल्या. ताईही माझ्याकडे बघायला लागल्या. सिफो भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला. मी मराठीत ताईंना चार वाक्यांत सगळं सांगितलं. ताईंनी वाडगा मांडीवर ठेवला.

“आम्हाला कोणत्याही डॉक्टरनं काही सांगितलेलं नाही,” त्या मामांना म्हणाल्या. “आम्ही आजारी नाही. आम्ही भित्रे आहोत.”

मला वाटलं, मामा हसतील आणि प्रसंग निभावेल. त्या हसल्या नाहीत.

“भीती मला समजते,” त्या म्हणाल्या. “भीती वाटते म्हणाला असता तर मी भांडी दाखवली असती.” मग मला म्हणाल्या, “तुम्ही पाच म्हणाला असता तर मी पाचांचं केलं असतं. पाच माणसं जेवली असती तरी माझी मान वर राहिली असती. तुम्ही अठरा सांगितलेत. मी या रस्त्याला अठरा सांगितले आणि अठरा खुर्च्या आणल्या.”

मी सॉरी म्हणालो. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच.

त्यानंतर निम्मा ग्रुप जेवला. कोणी ताईंचं बघून, कोणी लाजेनं, आणि दोघं-तिघं खरंच भुकेनं, कारण पराठे थंडगार झाले होते. देशकर साहेब जेवले नाहीत. ते उठून मामांकडे गेले आणि म्हणाले, “मॅडम, मला जमत नाही. चूक माझी आहे, जेवणाची नाही.” मामांनी त्यांना घरी केलेलं आल्याचं सरबत दिलं. ते त्यांनी घेतलं. परत येऊन मला म्हणाले, “एवढंच तर सांगायचं होतं हो मोघे. खोटं काहून बोललात?”

“आणि तुम्ही?” मामांनी मला विचारलं. “तुम्ही नाही जेवत?”

“मी नंतर,” मी म्हणालो. नंतर जेवलो नाही.

निघताना मी रिकामे-भरलेले डबे गोळा केले आणि गेटजवळच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. सिफोनं माझा हात धरला. “मामाच्या डब्यात नको. कचऱ्याची गाडी येईपर्यंत तो रस्त्यावर उभा असतो. सगळे बघतील.” ते अठरा डबे मी परत डिकीत घातले. हॉटेलपर्यंत लोणच्याचा वास येत राहिला.

जबलपूरला आल्यावर फीडबॅक आला. देशकर साहेबांनी फॉर्मवर लिहिलं होतं, जेवण थंड. कुमुदताईंनी लिहिलं होतं, ‘त्या दिवशी दोन जेवणं होती. एक जास्त होतं.’ पांडेजींनी मला आत बोलावलं.

“इसका मतलब?”

मी सगळं सांगितलं, डॉक्टरसकट. आणि म्हणालो की पुढच्या वेळी त्या दिवशी डबे नसतील. ज्यांना मामांच्या घरी जेवायचंय ते येतील. ज्यांना नाही, ते शहरात भारतीय हॉटेलात जेवतील आणि टाउनशिपला येणार नाहीत.

“लोग कटेंगे, मोघेजी।”

“कटने दीजिए, सर।”

“और वो माताजी मान जाएँगी?”

ते मलाही माहीत नव्हतं. मी सिफोला लिहिलं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मी दुसरं घर शोधलं नाही. म्हणजे बॅकअप ठेवला नाही. मग एका सकाळी एका ओळीचं उत्तर आलं: ‘मामा विचारते, खरोखर किती?’

पुढच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये, आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये, मी पातेल्यांपासून आंबट दुधापर्यंत सगळं सांगितलं आणि ‘तिथे कोण जेवणार?’ म्हणून हात वर करायला लावले. कोणी कोणाकडे बघून वर केला, कोणी वर करून खाली घेतला. मी थांबलो. शेवटी अकरा हात राहिले. मी अकरा कळवले.

आम्ही गेलो तेव्हा अंगणात अकरा खुर्च्या होत्या. शेजारणी या वेळी भिंतीशी नव्हत्या, वाढायला होत्या. अकरा माणसं बसली, अकराही जेवली. मी नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहून कोणाला काय हवं ते बघत होतो. मामा पातेलं घेऊन माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

“तुमची खुर्ची?”

“मी अकराच कळवले होते,” मी म्हणालो. “मला धरलं नाही.”

“मागच्या वेळीही धरलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात ताटली दिली.

मी उभ्यानं जेवलो. घेवडा चांगला शिजला होता. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी आता एवढंच सांगतो: कोणाच्या घरी ग्रुप न्यायचा असेल तर जेवणाऱ्यांचा आकडा खरा कळवा. आणि त्यात आधी स्वतःला मोजा.