हजेरीतला राजा

तात्या गेल्याचा निरोप शाळेच्या फोनवर आला. मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, इंदापूरवरनं फोन हाय, हेडसरांच्या खोलीत." फोनवर अण्णा होते, माझे वडील. "किसन गेला," एवढंच बोलले. मागं एसटी स्टँडवरची गर्दी ऐकू येत होती. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

किसन म्हणजे माझे धाकटे चुलते. घरात तात्या, फडात किसनराव. सबंध तरुणपण आणि उतरतं वय त्यांनी तमाशाच्या फडात घालवलं. गण-गवळण झाली की वग लागतो, म्हणजे गाण्या-संवादांचं नाटक. त्या वगातला राजा तात्या करायचे. पेपरात त्यांच्यासाठी दोन ओळी आल्या नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली, बी.ए. झालेली वस्तीतली पहिली मुलगी, आज बारामतीत मराठी शिकवते. हे मी अभिमानानं सांगते. त्यात तात्यांचाही वाटा आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या अलीकडचं. नाव लिहीत नाही, कारण माझ्या माणसांना अजून तिथं राहायचं आहे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातली हलगी मोडून चुलीत घातली. गावकीची कामं बंद, गावापुढं वाजवणं-नाचणं बंद, असं सगळ्या वस्तीनं ठरवलं. अण्णांनी तो शब्द आयुष्यभर पाळला. साखर कारखान्यात बॉयलरवर लागले, पण गावाच्या जत्रेत कधी उभे राहिले नाहीत. आणि त्यांचाच सख्खा भाऊ फडात! वस्तीतली म्हातारी माणसं तात्यांना तोंडावर बोलायची. अण्णा तर जेवताना टोमणा मारायचे, "काय राजेसाहेब, कोरड्यास बरं झालंय का?" एकदा मात्र ते खरंच चिडले. म्हणाले, "आरं, सिंहासनावर बसायचं सोंग कशाला करतोस? खरी खुर्ची मिळव की." तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "खरी तुज्या पोरीला मिळंल अण्णा. मला सोंगाची बास हाय."

बाया रात्री तमाशाला जात नसत, त्यामुळं तात्यांचा राजा मी फक्त त्यांच्या बोलण्यातून पाहिला होता. पावसाळ्यात फड बंद असला की ते घरी असायचे, आणि दारातल्या बाजेवर बसून गोष्टी सांगायचे. बावड्याला ऐन वगात वाऱ्यानं कनात उडाली, तरी माणसं उठली नाहीत. "सोंगाड्या मला म्हनला, महाराज, राज्याच्या भिंती गेल्या की. मी म्हनलं, प्रधानजी, परजा हाय का जाग्यावर? मग राज्य हाय." नरसिंहपूरला एक म्हातारी खेळ संपल्यावर राहुटीत आली आणि विहिरीवरच्या भांडणाचा न्याय मागायला लागली. तात्यांनी अंगरखा न उतरवता तिचं सगळं ऐकून घेतलं. "न्याव काय दिला तुमी?" मी विचारलं. "न्याव कुठला देतोय? पर ऐकलं. तिचं कुनी ऐकतच नव्हतं."

बसायचं कसं, हेही त्यांनी मला दाखवलं होतं. राजा धपकन बसत नाही. एक हात मिशीवर, नजर लांब, ढोलकी समेवर आली की अंग हळू खाली, आणि मिशीवरचा हात मांडीवर. "लोकं गान्याला नंतर टाळी देत्यात," ते म्हणायचे, "आधी बसन्याला देत्यात."

फडाची एक रीत होती. ट्रकमध्ये पेट्या, कनाती, वाद्यं सगळं असायचं, पण सिंहासन नसायचं. गावातल्या सगळ्यात मोठ्या घरची खुर्ची मागून आणायची, तिच्यावर जरीचं कापड टाकायचं, की झालं सिंहासन. खुर्ची देणाऱ्या घरालाही त्याचा मान वाटायचा. दुसरी रीत अशी, की फड ज्या कलावंताच्या गावी जाईल तिथं त्या कलावंताला सुट्टी. आपल्या सोयऱ्याधायऱ्यांपुढं तोंड रंगवायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. आमच्या गावात फड आला की तात्या इंदापुरात मित्राकडं जाऊन बसायचे, आणि राजा दुसराच कुणी करायचा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या वर्षीच्या जत्रेला तात्यांनी फडाच्या मालकाला सांगितलं, "मला सुट्टी नगं. हजेरीत राजा मीच करनार." हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकात, भर उन्हात होणारा खेळ. पडदा नाही, दिवे नाहीत, रंगाखालचा माणूस ओळखू येतो. म्हणूनच त्यांना हजेरी हवी होती. अण्णा म्हणाले, "काय मिळनार हाय त्यातनं?" तात्या म्हणाले, "मिळायचं काय? सगळ्या तालुक्यानं मला बसल्यालं बघितलंय. माज्या गावानं न्हाय."

खुर्ची आबासाहेबांच्या घरची आली. गावातलं सगळ्यात मोठं घर. सागवानी खुर्ची, हातांवर पितळेची फुलं, बसायला वेताची जाळी. ज्या ओट्यावर ती असायची त्याच्या खाली अंगणात आमचे आजोबा उभे राहून गावकीच्या कामाचे हुकूम ऐकायचे. राजा कोण करणार हे मागायला गेलेल्यांनी सांगितलं नाही, आणि आबासाहेबांनी विचारलं नाही. हजेरी दिवसाची, म्हणून बाया देवळामागच्या माळवदावरून बघत होत्या, त्यांच्यात मी जाऊन बसले. अण्णा कारखान्यात गेले होते.

ललकारी झाली, तात्या आले. जरीचा अंगरखा, डोक्याला मंदिल, तलवार. चौकात कुजबुज फिरली... किसन हाय, आरं किसनच हाय. आबासाहेब पुढं बाजेवर बसले होते. तात्या खुर्चीपाशी आले, हात मिशीवर गेला, ढोलकी समेवर आली... आणि ते बसले नाहीत. ढोलकीवाल्यानं पुन्हा फिरवून सम दिली, तरी उभेच. मागून कुणीतरी ओरडलं, "बस की किसन, का खुरची चावती?" चौक हसला. सोंगाड्या हुशार, तो लगेच म्हणाला, "महाराज, रयत बसायचा हुकूम करतीया. रयतेचं ऐका." आणि तात्या बसले. जसं मला दाखवलं होतं तसंच, हळू, मांडीवर हात. टाळी आली नाही. पण नंतर ते जे गायले, तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. आबासाहेब मध्येच उठले. "ऊन सोसना," म्हणाले, आणि छत्री उघडून गेले. त्यांच्यामागं पुढची अर्धी ओळ उठली. तात्या शेवटच्या मुजऱ्यापर्यंत बसून राहिले.

दुपारी फडातली दोन माणसं खुर्ची परत करायला गेली आणि तशीच माघारी आली. आबासाहेब रागावले नव्हते, आवाजसुद्धा चढवला नव्हता. "आता काय करायची ती आमाला? ठिवा तुमच्यातच," एवढंच म्हणाले. ट्रक भरला होता, फडाला पुढच्या गावाची घाई होती. त्यांनी खुर्ची आमच्या वस्तीच्या तोंडाला लिंबाखाली ठेवली. ती तिथं उन्हात पडून राहिली, कुणी हात लावेना. संध्याकाळी अण्णा कारखान्यातून आले, त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता भावाला शिव्या घालणार. अण्णांनी सायकल लिंबाला टेकवली, खुर्ची डोक्यावर घेतली, आणि मुद्दाम चौकातून वळसा घालून घरी आणली. पुढच्या खोलीत ठेवली, उपरण्यानं पुसली. आयुष्यात तमाशाचं तोंड न बघितलेला माणूस!

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण आसपासची सगळी गावं एकमेकांच्या नात्यातली, बातमी लगेच फिरली. पुढच्या हंगामात खुर्ची मागायला गेलं की लोक आधी विचारायला लागले, "राजा कोन करतंय?" मालक वाईट नव्हता. म्हणाला, "किसनराव, गावं तुटाय लागली. फडावर लई पोटं हायत." राजा दुसऱ्याकडं गेला. तात्यांच्या हातात भाला आला, दरबाराच्या दाराशी उभं राहायचं काम. ज्यांनी राजा केला त्यांनी भालदार करायचा, आणि नव्या राजाला मुजरा घालायचा... हे त्यांनी काही वर्षं केलं. घरी येऊन त्यातलं कधी काही सांगितलं नाही. बाजेवरच्या गोष्टी बंद झाल्या. मग गळ्यात गाठ निघाली. बारामतीत दाखवलं, पुण्याला नेलं, फार पुढं गेलं होतं. आधी गाणं गेलं, मग आवाज, मग पेजसुद्धा उतरेना.

घरातल्या त्या खुर्चीवर तात्या एकदाही बसले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "घरात काय बसायचं? मी चौकात बसलोय." खुर्चीशेजारी जमिनीवर बसायचे, तिच्या पुढच्या पायाला डोकं टेकून. माझा बी.ए.चा निकाल घेऊन गावी गेले, तेव्हा त्यांचा आवाज होता अजून. पेढा तोंडात धरूनच त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. "तू बस." मी संकोचले. "बस गं. तुजं सोंग न्हाय." मी बसायला लागले तर ओरडले, "धपकन न्हाय!" त्या दिवशी अण्णा हसले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

तात्या गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याच्या, आदल्या दिवशी आबासाहेबांचा नातू आला. माझ्याच वयाचा, शिकलेला, पायातले बूट बाहेर काढून आत आला. आमच्या घरात त्या घरचं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. अण्णांनी खुर्चीकडं हात केला. "बसा." त्यानं खुर्ची बघितली, पितळेच्या फुलांवर त्याची नजर थांबली. त्यानं ओळखली. "न्हाय अण्णा, हितंच बरं हाय," म्हणाला आणि सतरंजीवर बसला. थोडा वेळ बसून, चहा घेऊन गेला. तो मान ठेवून खाली बसला, की आमच्या माणसानं बाटवलेल्या खुर्चीवर बसवेना म्हणून... मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "कोनास ठावं. चहा तर प्याला."

काल मी पुन्हा गावी जाऊन आले. अण्णा रोज सकाळी खुर्ची पुसतात. पितळ घासतात, वेताच्या जाळीतली धूळ फुंकर मारून काढतात. पुढच्या उजव्या पायावर मात्र, जमिनीपासून हातभर उंचीवर, लाकूड काळंभोर, तेलकट झालं आहे. तात्यांचं डोकं टेकायचं ती जागा. फडकं तिथवर आलं की अण्णा हात उचलतात, आणि दुसरा पाय पुसायला घेतात.