शुक्रवारचा फोटो

"त्या डावीकडच्या मावशी तेवढ्या काढून टाका फोटोतून. बाकी मस्त आलाय."

कर्वेनगरातल्या आमच्या शाळेत वर्षातली पहिली पालकसभा चालू होती. दुसरीचा वर्ग. भिंतीवरच्या मोठ्या डिजिटल बोर्डवर फळांच्या दिवसाचा फोटो लावलेला. बोलणारे गृहस्थ कुठल्याशा आयटी कंपनीतले. गळ्यातलं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. आणि डावीकडच्या मावशी म्हणजे मी. त्या वर्गाची शिक्षिका.

शाळेतल्या मावश्यांना निळी साडी असते. माझी पिवळी होती. तेव्हा साडीवरून गफलत झाली म्हणायची सोय नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मी कोण ते ठरवून टाकलं.

मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. 'या वर्गशिक्षिका आहेत.' तीन शब्द बोलायचे होते. त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, "करा हो क्रॉप." लॅपटॉप माझ्यापुढे होता. मी माउस ओढला. आधी खांदा गेला, मग तोंड. वर्गभर माणसांच्या देखत मी मला कापलं आणि सेव्ह केलं. तीच बाई लॅपटॉपपुढे बसली आहे हे कोणाच्या लक्षात आलं नसेल? आलं असणार. दोघीतिघी आयांनी माना खाली घातल्या. मी पुढचा फोटो लावला.

आम्ही बौद्ध. वडील मार्केट यार्डात हमाल. घराण्यात डी.एड. झालेली मी पहिली. शाळेत तिसरं वर्ष, तात्पुरती. जूनमध्ये कायम करू, असं सांगितलेलं. टॅब, बोर्ड, व्हिडिओ यांतलं मला इतर बायांपेक्षा जास्त कळायचं, म्हणून शाळेचं पेज माझ्याकडे दिलं होतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. दर शुक्रवारी वर्गात एखादा उपक्रम घ्यायचा, फोटो काढायचे, दुपारच्या आत पेजवर आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. पालक ऑफिसात बसून वाटच बघत असत. कोणाचं मूल किती फोटोंत आलं, कोण पुढे, कोण मागे, याचा हिशेब तिथल्या तिथे व्हायचा.

सभेनंतर दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. वाटलं, माफी मागतील. त्यांनी पेज उघडलं आणि बोट ठेवलं मयूरीवर. मग साहिलवर. मग आणखी दोघांवर. चौघं पंचवीस टक्क्यांतली, म्हणजे कायद्याने फी न भरता प्रवेश मिळालेली. गणवेश तोच, पण मोठ्या भावंडांचा उतरलेला. मी म्हटलं, ही माझ्याच वर्गातली मुलं आहेत.

"अहो, आपण शाळेचं पेज चालवतो, जनगणना नाही," त्या म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. चहाही पाजला. मी चहा प्यायले. हो म्हटलं.

मग मी युक्ती काढली. टॅब बाहेर काढायच्या आधी त्या चौघांना काम द्यायचं. बाहेरच्या मांडणीवर सगळ्यांचे बूट जोडीने लावा. पाण्याच्या बाटल्या भरून आणा. मुलं खूश. बाईंनी आपल्याला काम सांगितलं म्हणून धावत जायची. ती परत येईपर्यंत फोटो झालेले असायचे. कधी एखादं कोपऱ्यात सापडलंच, तर नंतर कापायचे. हात सरावला होता. मी मनाला सांगायचे, शिकवण्यात तर भेद करत नाही ना? वर्गात सगळ्यांना सारखंच शिकवते. फोटोचं काय एवढं? जून येऊ दे, एकदा कायम झाले की बघू. सात महिने मी हेच सांगत होते.

जानेवारीत आम्ही मूग पेरले. प्रत्येकाचा एक पेला, खाली ओला कापूस. बियाण्याला कोंब कसा फुटतो त्याचा व्हिडिओ बोर्डवर दाखवला आणि रोज टॅबवर एकेका मुलाला आपल्या रोपाबद्दल बोलायला लावलं. मयूरीचं रोप सगळ्यांत उंच. बोललीही तीच सगळ्यांत स्पष्ट. कोंब आधी खाली जातो, मग वर येतो, हे तिने स्वतः बघून सांगितलं. पुस्तकात तोवर आम्ही तिथे पोचलोही नव्हतो. तो व्हिडिओ मी घरी चार वेळा पाहिला. पेजवर टाकला नाही.

शुक्रवार आला. सगळ्यांनी पेले हातात घेतले. मी पर्समधून टॅब काढला. अजून तोंडही उघडलं नव्हतं. मयूरी उठली. तिने पेला बाकावर ठेवला आणि साहिलचा हात धरला. साहिल हलेना. त्याला त्याचं रोप दाखवायचं होतं. तेव्हा ती त्याला मोठ्या बहिणीच्या समजुतीने म्हणाली,

"फोटोत आपण नसतो. चल, बूट लावू."

सात वर्षांची पोर. रडत नव्हती, रागावली नव्हती. पाढा म्हणावा तसं म्हणाली. आणि बाहेर जाऊन खरंच बूट लावायला लागली.

हे तिला कोणी शिकवलं? मुख्याध्यापिकांनी नाही. त्या आयटीवाल्या गृहस्थांनी नाही. मी शिकवलं. दर शुक्रवारी, न चुकता. माझ्या सगळ्या धड्यांतला हाच एक धडा तिला पक्का येत होता. मला माझीच किळस आली.

मी चौघांना आत बोलावलं. पुढच्या ओळीत मध्यभागी बसवलं, हातात पेले देऊन. फोटो काढला. पेजवर टाकला, ग्रुपवर टाकला. मयूरीचा व्हिडिओही टाकला. खाली लिहिलं: दुसरी, पूर्ण वर्ग.

ग्रुपवर एका आईने विचारलं, आज मुलांची जागा का बदलली? दुसऱ्याने लिहिलं, माझा मुलगा मागे गेलाय. कोणीतरी विचारलं, व्हिडिओ फक्त त्या मुलीचाच का? मुख्याध्यापिकांनी मला वर्गातून बोलावून घेतलं.

"डिलीट करा. आत्ता. माझ्यासमोर."

"नाही करणार," मी म्हटलं.

"जूनची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, माहीत आहे ना आपल्याला?"

"माहीत आहे."

त्यांनी पासवर्ड बदलून घेतला. तासाभरात फोटो आणि व्हिडिओ दोन्ही गेले. सोमवारी टॅब काढून घेतला आणि वर्ष संपल्यावर यायची गरज नाही असं तोंडी सांगितलं.

त्याच सोमवारी संध्याकाळी मी मयूरीच्या घरी गेले. तिची आई सोसायट्यांमध्ये पोळ्या करते. नुकतीच कामावरून आली होती. बाई घरी आल्या म्हणून तिने पदर सावरला, सतरंजी टाकली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कोणी सांगितलं, कसं केलं, किती दिवस केलं. वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आम्ही दर शुक्रवारी मोबाइल उघडून हिला हुडकत हुतो, बाई. मला वाटलं, पोरगीच लाजती, मागं मागं ऱ्हाती. त्यापायी मी तिला मारलं बी हाय."

मयूरी दारात उभी होती. तिने आईला कधीच सांगितलं नव्हतं की बाई बूट लावायला पाठवतात. मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मग सगळे तुम्हाला ओरडले असते."

मला तिच्या आईकडे माफी मागता आली नाही. माफी मागण्याची माझी लायकी नव्हती. मी एवढंच विचारलं की मी लेखी तक्रार करते, तुम्ही सही कराल का? तिने विचार केला आणि केली. उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांनी केली. साहिलच्या वडिलांनी नाही केली. पोराचा दाखला हातात देतील, म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही.

अर्ज शिक्षण विभागात दिला आहे. त्यात मुलांना वेगळं ठेवणाऱ्यांची नावं आहेत. पहिलं नाव माझं आहे. वडिलांना हे पटलेलं नाही. एवढं शिकून स्वतःवरच बालंट घेतेस, म्हणतात. शाळेतून दोनदा निरोप आला. अर्ज मागे घ्या, जूनची ऑर्डर घेऊन जा, चार मुलांसाठी आयुष्य का नासवता.

अर्ज मागे घेणार नाही. सुनावणी लागेल तेव्हा मयूरीची आई समोर असेल. तिच्या देखत आधी मी काय केलं ते सांगेन. एकही शुक्रवार गाळणार नाही. मग मुख्याध्यापिकांनी उत्तर द्यावं.