सोल्डर गार होईपर्यंत
खालच्या मजल्यावर कुणीतरी पाइपचं सोल्डरिंग करतंय. तो वास आला आणि कॅनडाच्या पूर्वेकडच्या ग्वेल्फमधलं सासऱ्यांचं ते बेसमेंट डोळ्यांपुढे उभं राहिलं. रिटायर्ड इंजिनियर असलेले माझे सासरे छऱ्यांच्या जुन्या दुनळी बंदुकीतून गोळी झाडता यावी म्हणून तिची रायफल बनवत होते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून ते नळ्यांच्या तोंडाशी बारीक पाचर सरकवून पुन्हा सोल्डर करायचे आणि ते गार होईपर्यंत कुणीतरी नळ्या दाबून धरायच्या. त्या दिवशी मी धरल्या होत्या. एवढीशी खिडकी, तीही बर्फाने बुजलेली. गॅसची ज्योत विझवून ते म्हणाले, "जावईबापू, आता हलायचं नाही. हललात तर महिन्याची मेहनत गेली." मग तितक्याच शांतपणे, "पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामचा जॉब माझ्या लेकीला न विचारता घेतलात ना?" म्हाताऱ्याने वेळ बरोबर साधली होती. वर किचनमधली माझ्या बायकोची पावलं थांबली. जिना समोर होता, पण हात सोडता येत नव्हते. "हो," मी म्हणालो. बऱ्याच वेळाने ते नळीला बोट लावून म्हणाले, "सोडा आता." नेम जुळल्याचं मला पुढे, एकटाच इकडे आल्यावर, सासऱ्यांच्या फोनवरच कळलं. इथे कोक्विटलामच्या कॉन्डोत हा वास आला की अजून माझ्या मुठी आवळतात, आणि 'सोडा आता' म्हणायला घरात कुणी नसतं.