ढब्बू बोकडाचा आवाज

"डबिंगवाल्याला झोप लागली होती काय?" मोबाइलवर कार्टूनच्या व्हिडिओखाली एका शहाण्याने लिहिलंय. त्याच्याखाली दुसरा शहाणा, "बोकडाचं तोंड हलतंय आणि आवाज गायब. भिकार काम." त्याच्यावर हसणाऱ्या तोंडांची ही रांग! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मेल्यांनो, फुकट बघता वर नावं ठेवता?

कुठल्यातरी परदेशातलं जुनं विनोदी कार्टून होतं ते. मराठीत आलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं ढब्बू बोकड. तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचं; आता त्याचा एक भाग एका चॅनेलवाल्यांनी इंटरनेटवर टाकलाय. मालकिणीचे वाळत घातलेले कपडे खायचे आणि वर तिच्याशीच हुज्जत घालायची, एवढाच त्या बोकडाचा धंदा. त्याचा मराठी आवाज म्हणजे माझा नवरा, ज्युलियस.

ज्युलियस काही नटबिट नव्हे. माणिकपूरच्या मागे आमची केळीची वाडी, तीच त्याची नोकरी. पण चर्चच्या सणाला नाटक बसलं की खाष्ट म्हातारा, दारुडा, पोलीस, सगळं तोच. एकदा मुंबईच्या स्टुडिओतला एक माणूस कोणाच्यातरी घरी सणाला जेवायला आला होता. त्याने ज्युलियसचं नाटक बघितलं आणि याला उचलूनच नेलं. नंतर ज्युलियस केळी घेऊन बाजारात गेला की पोरं मागून "बें" करायची. हा भर रस्त्यात टोपली खाली ठेवून दुप्पट मोठ्याने "बें" करायचा. मला मेलीला लाजेने कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

आता त्या गायब आवाजाचं सांगते. त्या भागात बोकड मालकिणीशी भांडत असतो आणि गावच्या मनोऱ्यावरची घंटा वाजते. आमच्याकडे चर्चची बाराची घंटा वाजली की हातातलं काम तिथल्या तिथे थांबतं. केळीचा घड अर्धा कापलेला असला तरी कोयता खाली, टोपी काढायची, क्रूसाची खूण करायची आणि मनात प्रार्थना म्हणायची. ज्युलियस लहानपणापासून तेच करत आला. स्टुडिओत कानाला लावलेल्या यंत्रात घंटा वाजली आणि हा पठ्ठ्या गप्प! डोळे मिटून, हात जोडून उभा. पडद्यावर बोकडाचं तोंड वळवळतंय. घंटा थांबल्यावर याने राहिलेलं सगळं भांडण एका दमात ओकून टाकलं. डायरेक्टर आधी खेकसला, मग पोट धरधरून हसला, आणि तसंच ठेवलं. आमच्या गावात तर सगळ्यांना बरोबर कळलं. बोकडसुद्धा घंटेला थांबतो म्हणून चर्चसमोर आठवडाभर हेच चाललं होतं.

ज्युलियसच्या गळ्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो, वर पांढरा रुमाल. बोलणं संपलं. आमच्या लग्नाची कॅसेट आहे, पण तिच्यात नुसता बँड वाजतोय. बाकीच्या भागांच्या टेपा बुरशीने गेल्या. म्हणजे माझ्या माणसाचा आवाज या जगात फक्त या एका भागात शिल्लक आहे. मी रोज दुपारी लावते. त्या बोकडाच्या तोंडून का होईना, नवरा माझ्याशी भांडतो.

आणि परवा त्या चॅनेलवाल्यांनी वर लिहिलं, 'प्रेक्षकांच्या मागणीवरून हा भाग लवकरच नव्या आवाजात.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या लेकीने, जीनाने, कुठूनतरी त्यांचा नंबर काढून दिला. फोनवर स्वप्ना नावाची मुलगी, बोलायला अगदी गोड.

"काकू, लोकांच्या खूप तक्रारी आहेत हो. टेक्निकली तो फॉल्टच आहे ना? नवीन आला की जुना काढून टाकणार."

"अगं बाये, फॉल्ट नाही तो! माझा नवरा आहे तो!"

"मी वर कळवते, काकू," म्हणाली आणि फोन ठेवला. वर म्हणजे कुठे, स्वर्गात?

मग मीच त्या व्हिडिओखाली लिहायला बसले. घंटेचं लिहिलं, आजाराचं लिहिलं, आवाज गेला ते लिहिलं. आणि शेवटी अगदी स्पष्ट लिहिलं की ज्युलियस आत्ता माझ्या बाजूला बसून पेज पितोय, त्याचा आवाज काढू नका.

शेवटपर्यंत वाचतंय कोण! आजारापर्यंत वाचून एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' ठोकली. झालं, मेंढरं निघाली मागोमाग. काल भिकार काम म्हणणारा आज लिहितो, 'असा कलाकार पुन्हा होणे नाही.' अरे गाढवा, कलाकार तिकडे मोरीत दात घासतोय! संध्याकाळपर्यंत चॅनेलवाल्यांनी ज्युलियसचा कुठलातरी जुना फोटो काढून त्याला हारसुद्धा घातला.

स्वप्नाचा फोन आला. "काकू, फार वाईट वाटलं. नवीन डबिंग तयार होतं, पण आता सरांनी थांबवलं. काकांची शेवटची आठवण म्हणून हाच भाग ठेवतोय, कायमचा."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. ज्युलियस समोरच बसलेला. मी तोंड उघडलं, चांगली शिव्यांची माळ तयार होती जिभेवर. जिवंत माणसाचा आवाज कचऱ्यात टाकता आणि मेल्यावर हार घालता? त्याने माझं मनगट धरलं. घट्ट. मान हलवली, नको.

"काकू? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "ठेवा तसाच." माझाच आवाज मला ओळखू येईना.

फोन ठेवल्यावर मी त्याच्यावर ओरडले. "तुला मेलेला म्हणाले ते! आणि मी हो म्हटलं! मला पाप लागेल, ज्युलियस!" तो हसत होता. त्याच्या हसण्याला आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात आणि रुमाल फडफडतो. मग त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, स्वतःचा हार घातलेला फोटो नीट बघितला, आणि त्या सगळ्या श्रद्धांजल्यांच्या खाली एका बोटाने हळूहळू लिहिलं, 'आमेन.'

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.